नळाच्या पाण्याचं पत्र वाचायचं कसं?

तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर दर वर्षी १ जुलैच्या आत एक पत्र तुमच्यापर्यंत पोचायला हवं. तुमच्या नळाला पाणी पुरवणारी संस्था ते पाठवते. आदल्या वर्षभरात त्या पाण्यात काय काय सापडलं, किती सापडलं आणि कायद्याची मर्यादा किती, हे त्यात लिहिलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली, १९९८ साली नियम आला, आणि तेव्हापासून हे पत्र बंधनकारक आहे. त्याचं नाव 'कन्झ्युमर कॉन्फिडन्स रिपोर्ट', म्हणजे ग्राहकाला विश्वास वाटावा म्हणून काढलेला अहवाल. (परीक्षेच्या आधीच निकाल लावणारं नाव आहे, पण असो.)

तुम्ही तो पाहिला नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. हा अहवाल मुख्यतः बिल भरणाऱ्याकडे जातो. शिकायला किंवा पहिल्या नोकरीला आलेली आपली बहुतेक मंडळी भाड्याने राहतात आणि पाण्याचं बिल घरमालक किंवा अपार्टमेंटची कंपनी भरते. बिल न भरणाऱ्यांपर्यंतही अहवाल पोचवायचा प्रामाणिक प्रयत्न करा, असं नियम म्हणतो. पण तो प्रयत्न बऱ्याचदा वेबसाइटवर एक पीडीएफ टाकण्यापर्यंतच जातो. पाणी पितो एक आणि पत्र येतं दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्याला पाणी देतं कोण हे शोधणं. पुण्यात हा प्रश्नच पडत नाही, तिथे महापालिका असते. अमेरिकेत मात्र वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्या सुमारे ५० हजार वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. काही शहराच्या मालकीच्या, काही खाजगी कंपन्यांच्या, काही तर एखाद्या छोट्या वसाहतीपुरत्या. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी घरं भरपूर. पण सगळ्या एडिसनचं पाणी एका ठिकाणचं नाही. गावाच्या काही भागाला मिडलसेक्स वॉटर ही कंपनी पाणी देते, काही भागाला गावाची स्वतःची यंत्रणा. त्यामुळे 'एडिसनचं पाणी कसं आहे?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमची गल्ली कोणती, यावर ते ठरतं.

२०२१ च्या शरद ऋतूत हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षात आला. मिडलसेक्स वॉटरच्या साउथ प्लेनफील्डमधल्या प्रकल्पाच्या पाण्यात पीफोआ नावाचं रसायन न्यू जर्सीच्या १४ पीपीटी या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं, आणि कंपनीने ग्राहकांना तशी नोटीस पाठवली. हे 'पीफास' कुळातलं रसायन आहे. न चिकटणारे तवे, डाग न धरणारे गालिचे, आग विझवायचा फेस, अशा कितीतरी ठिकाणी ही रसायनं वापरली गेली, आणि ती निसर्गात सहजासहजी मोडत नाहीत. नोटीस वाचून अनेकांनी काय केलं असेल, याचा अंदाज तुम्हीही करू शकता. पाणी उकळलं. घरून आलेलं शहाणपण तेच सांगतं.

इथे जरा थांबू या, कारण उकळण्याचा हा मुद्दा नीट समजला की निम्मं पत्र समजतं.

आपल्याकडे पाणी उकळतात ते जंतूंसाठी. त्याला ठोस कारण आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी येतं आणि बाकीचा वेळ पाइप रिकामे किंवा अर्धवट भरलेले राहतात. आत दाब नसला की बाहेरची घाण सांध्यांतून आणि चिरांमधून आत शिरते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी चांगलं असलं, तरी घरी येईपर्यंत त्याची खात्री राहत नाही. आजी पाणी उकळून गाळायची, ते अगदी बरोबर होतं. अमेरिकेत पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो, म्हणून रोज उकळायची गरज नसते. मोठा पाइप फुटला आणि दाब उतरला, किंवा शुद्धीकरणातच गडबड झाली, की 'पाणी उकळून प्या' अशी सूचना निघते. ३ जुलै २०२४ च्या रात्री वॉशिंग्टन डीसी आणि शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये अशी सूचना निघाली होती, कारण नदीच्या पाण्यात शेवाळं आणि गढूळपणा वाढला होता. दुसऱ्या दिवशी, ऐन ४ जुलैला, ती मागे घेतली. अशी सूचना असेल तेव्हा पाणी खळखळून एक मिनिट उकळायचं आणि दात घासायला, बर्फाला, भाज्या धुवायलाही तेच वापरायचं.

पण शिसं, नायट्रेट आणि पीफास हे जंतू नव्हेत. ते उकळून मरत नाहीत. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि ते तेवढेच राहतात, म्हणजे पातेल्यातलं प्रमाण वाढतं. आमटी आटली की खारट लागते ना, तसंच. म्हणून नोटीस आली की आधी बघायचं, ती जंतूंबद्दल आहे की रसायनांबद्दल. जंतूंबद्दल असेल तर गॅस पेटवा, रसायनांबद्दल असेल तर पेटवू नका.

आता पत्रातलं कोष्टक. त्यात पीपीबी आणि पीपीटी हे शब्द सारखे येतात. सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे पाच टँकर ओळीने उभे आहेत आणि त्या सगळ्या पाण्यात एक थेंब, हे झालं एक पीपीबी. पीपीटी त्याच्याही हजारपट बारीक, म्हणजे पाच हजार टँकरांत एक थेंब. इतकं थोडं काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण काही पदार्थ शरीरात साठत जातात आणि पाणी आपण रोज पितो.

कोष्टकात दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एक 'एमसीएल', म्हणजे कायद्याची कमाल मर्यादा. दुसरा 'एमसीएलजी', म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने ज्याखाली धोका नाही अशी पातळी. बहुतेक लोक पहिला रकाना बघतात आणि पुढे 'उल्लंघन नाही' असं वाचून कागद ठेवून देतात. तुम्ही दुसरा रकाना आधी बघा. पहिला आकडा ठरवताना खर्च आणि तंत्रज्ञान धरलेलं असतं, दुसऱ्यात फक्त तब्येत. दोन्ही आकडे सारखे असतील तर फारशी चिंता नको. त्यांच्यात मोठं अंतर असेल तर का आहे ते विचारा. शिशाच्या ओळीत दुसरा रकाना शून्य आहे. म्हणजे शिशाची सुरक्षित पातळी म्हणून कुठलाच आकडा नाही.

शिशाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. कारण बाकीचे बहुतेक पदार्थ शुद्धीकरण केंद्रात मोजता येतात, शिसं तिथे सापडतच नाही. ते पाण्यात येतं शेवटच्या काही मीटरांत: रस्त्याखालच्या मुख्य पाइपपासून घरापर्यंत येणारा जोडपाइप, घरातल्या पाइपांचे डाग दिलेले सांधे, आणि पितळी तोट्या. १९८६ साली शिशाच्या पाइपांवर बंदी आली. पण तेव्हाच्या कायद्यानुसार ८ टक्क्यांपर्यंत शिसं असलेली तोटीही 'लेड-फ्री' म्हणून विकता येत होती. ती व्याख्या ०.२५ टक्क्यांवर आली २०१४ मध्ये. तुमच्या घरातली तोटी त्याआधीची असेल, तर तिच्यावरच्या त्या दोन शब्दांवर विसंबू नका.

मग जुन्या शहरांत सगळ्यांनाच विषबाधा का होत नाही? याचं उत्तर आपल्या जुन्या स्वयंपाकघरात आहे. पितळेच्या पातेल्यात चिंच-आमसुलाची आमटी केली किंवा ताक ठेवलं तर ते कळकतं. म्हणून कल्हईवाला येऊन, नवसागर फिरवून, आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. भांडं पितळेचंच राहायचं, पण अन्नाचा आणि पितळेचा संबंध तुटायचा. जमिनीखालच्या पाइपांनाही अशीच कल्हई असते. ती पाण्यातूनच चढते: पाण्यातले क्षार पाइपच्या आतल्या बाजूला हळूहळू एक कवच धरतात. अनेक ठिकाणी त्यासाठी पाण्यात मुद्दाम थोडं फॉस्फेट घालतात. ते कवच शाबूत आहे तोवर शिशाचा पाइपसुद्धा बराच गप्प बसतो. पाण्याचा स्वभाव बदलला की कल्हई उडते.

वॉशिंग्टन डीसीत तेच झालं. तिथलं पाणी पोटोमॅक नदीचं. ते शुद्ध करतं लष्कराचं इंजिनिअर दल, आणि घरोघरी पोचवणारी संस्था वेगळी. क्लोरीनमुळे पाण्यात काही नको असलेली उपउत्पादनं तयार होतात. ती कमी व्हावीत म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. पण पाइपांतलं शिशाच्या ऑक्साइडचं जे कवच क्लोरीनमुळे टिकून होतं, ते क्लोरामाइनच्या पाण्यात विरघळू लागलं आणि नळांमधलं शिसं वाढलं. ही गोष्ट शहरभर झाली जानेवारी २००४ च्या अखेरीस, वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा. त्याच वर्षी पाण्यात फॉस्फेट घालणं सुरू झालं. मधली तीन वर्षं लहान मुलं ते पाणी पीत होती.

फ्लिंटची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मिशिगनमधल्या या शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी डेट्रॉइटकडून पाणी घेणं थांबवलं आणि फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. ते जास्त गंजवणारं होतं, आणि त्यात गंजरोधक घातलंच नाही. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते, अधिकारी पाणी ठीक आहे म्हणत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने हे पाणी वापरणं बंद केलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. माणसांसाठी पाणी बदललं आणखी एका वर्षाने, ऑक्टोबर २०१५ मध्ये. तेही लीअॅन वॉल्टर्स ही चार मुलांची आई, व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स आणि बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतीशा यांनी आकडे समोर ठेवल्यावर.

आमच्या मते फ्लिंटमधला सगळ्यात शिकण्यासारखा भाग कोष्टकाचा आहे. शिशासाठी नेहमीसारखी कमाल मर्यादा नसते, 'अॅक्शन लेव्हल' असते. १९९१ पासून ती १५ पीपीबी आहे. २०२४ च्या नव्या नियमात ती १० वर आणली आहे, तिची अंमलबजावणी पुढे व्हायची आहे. ती लावतात अशी: काही घरांतून नमुने घ्यायचे, आकडे लहानाकडून मोठ्याकडे मांडायचे आणि शंभरातला नव्वदावा बघायचा. पन्नास घरं असतील तर पंचेचाळिसावा. तो १५ च्या आत असेल तर शहर पास. उरलेल्या पाच घरांत ४० असो की ४००, त्याने निकाल बदलत नाही. फ्लिंटमध्ये २०१५ साली तांत्रिक कारणं देऊन दोन चढे नमुने यादीतून काढले, आणि नव्वदावा आकडा १५ च्या खाली घसरला. कागदावर शहर पास झालं.

म्हणून अहवालात शिशाच्या ओळीपुढे नव्वदावा आकडा दिसला की तिथेच थांबू नका. किती नमुने घेतले, किती घरं मर्यादेच्या वर गेली आणि नमुने कधीचे आहेत, हे बघा. बऱ्याच ठिकाणी शिशाची तपासणी तीन वर्षांतून एकदाच होते. या वर्षीच्या अहवालात त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा आकडा सापडू शकतो. आणि मुळात तो आकडा तुमच्या घराबद्दल काहीच सांगत नाही. शेजारच्या घराबद्दलही नाही.

घराचं कळतं घरातच. मुख्य पाइप जिथे भिंतीतून किंवा जमिनीतून आत येतो तिथे, बहुधा तळघरात मीटरजवळ, जाऊन बघा. किल्लीने पाइप हलकेच खरवडा. तांबं लगेच ओळखू येतं. राखाडी पाइप असेल, खरवडल्यावर चांदीसारखा चकाकला आणि फ्रिजवरचं लोहचुंबक त्याला चिकटत नसेल, तर तो शिशाचा असण्याची शक्यता मोठी. चुंबक चिकटलं तर लोखंड. तळघराची किल्ली मिळत नसेल तरी हरकत नाही. कोणता जोडपाइप कशाचा आहे, याची यादी प्रत्येक पाणीसंस्थेने १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत करायची होती, आणि ती लोकांना बघता यायला हवी. बऱ्याच शहरांनी तिचा नकाशा केला आहे, पत्ता टाकला की कळतं. तिथे 'अननोन' दिसलं, तर ते शिसंच आहे असं धरून चाला.

दरम्यान, स्वयंपाकघरात काय? रात्रीचं शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, ही आपल्याकडची जुनी सवय इथे उपयोगाची आहे. पाइपमध्ये रात्रभर थांबलेल्या पाण्यात शिसं सगळ्यात जास्त उतरतं, म्हणून सकाळच्या चहाला नळाचं पहिलं पाणी घेऊ नका. आधी आंघोळी उरका, मग किटली भरा. दुसरं, कुकर लवकर व्हावा म्हणून गरम पाण्याच्या नळाखाली धरायचा मोह टाळा. गरम पाणी धातू जास्त ओढून घेतं, आणि वरण-भात तर सगळं पाणी पिऊन टाकतो. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी कायम गार नळ. नळाच्या तोंडाची जाळी अधूनमधून काढून धुवा, तिच्यात शिशाचे कण अडकतात. घरात पावडरच्या दुधावरचं बाळ असेल तर हे सगळं जास्त मनावर घ्या. अशा बाळाच्या पोटात जाणाऱ्या शिशापैकी ४० ते ६० टक्के पाण्यातून येऊ शकतं, असं ईपीए सांगते.

फिल्टरबद्दल थोडक्यात. दुकानातला प्रत्येक जग शिसं काढतोच असं नाही. खोक्यावर 'एनएसएफ ४२' असेल तर तो चव आणि क्लोरीन बघतो. शिशासाठी 'एनएसएफ ५३' हवं, आणि त्याखाली शिशाचा स्पष्ट उल्लेख हवा. आरओ असेल तर '५८'. कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर मानांकनाला अर्थ नाही. आणि क्लोरीनचा वास घालवायला पाणी उघडं ठेवायची युक्ती क्लोरामाइन असलेल्या शहरात चालत नाही, ते इतक्या सहज उडून जात नाही.

आता फोन. आपण लोक तक्रार करायला संकोचतो. व्हिसावर असलो तर जास्तच, जणू पाण्याबद्दल विचारलं तर कुठेतरी नाव लागेल. पाणीसंस्थेला तुमचा व्हिसा विचारायचं काही कारण नाही, आणि बिल तुमच्या नावावर नसलं तरी पाण्याच्या दर्जाबद्दल विचारता येतं. फोन लागल्यावर बिलिंगमध्ये अडकू नका, थेट 'वॉटर क्वालिटी' विभाग मागा. मोघम 'पाणी खराब आहे' म्हणू नका. रंग कधी आला, गार नळाला की दोन्ही नळांना, किती मिनिटं वाहू दिल्यावर गेला, हे सांगा. फक्त गरम नळाला रंग असेल तर दोष बहुधा तुमच्याच इमारतीच्या हीटरचा. दोन्हीकडे असेल आणि रस्त्यावर हायड्रंट उघडून पाइप धुण्याचं काम चालू असेल, तर तळाचा गंज ढवळला गेला असेल. त्या दिवशी पांढरे कपडे धुवू नका. तक्रारीचा नंबर लिहून घ्या, पाण्याचा फोटो काढा. दाद मिळाली नाही तर राज्याच्या पर्यावरण किंवा आरोग्य खात्याचा पिण्याच्या पाण्याचा विभाग असतो, त्याला तो नंबर कळवा. बिलावरून खाजगी कंपनीशी वाद असेल तर राज्याचं नियामक मंडळ वेगळं. न्यू जर्सीत ते 'बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज'.

बिलाचं एकच सांगतो. त्यावर 'सीसीएफ' असं एकक असतं, म्हणजे शंभर घनफूट, साधारण २,८३० लिटर. एका महिन्यात हा आकडा उगाच दुप्पट झाला तर फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खालच्या भांड्यात रंग उतरला तर पैसे तिथून वाहताहेत. अशी गळती दुरुस्त केल्याची पावती दाखवली तर अनेक संस्था बिलात सूट देतात, पण मागावी लागते.

शिशाची चाचणीही मागावी लागते. न्यूयॉर्क शहरात ३११ ला फोन केला की किट फुकट घरी येतं, डीसीतही फुकट मिळतं. जिथे मिळत नाही तिथे राज्याने मान्यता दिलेली प्रयोगशाळा शोधा. नमुना घ्यायच्या आधी किमान सहा तास घरात कुठेही पाणी वापरायचं नाही, फ्लशसुद्धा नाही. म्हणजे तीन रूममेट असतील तर आदल्या रात्री दारावर चिठ्ठी लावा. सकाळी गार नळाचं पहिलं लिटर एका बाटलीत घ्या, मग पाणी न थांबवता मोजत पाचवं लिटर दुसऱ्या बाटलीत. पहिल्यात शिसं जास्त आणि पाचव्यात नगण्य आलं, तर संशय तोटीवर आणि घरातल्या सांध्यांवर. ते घरमालकाचं काम, त्याला अहवालासकट ई-मेल करा. पाचव्यात जास्त आलं तर बोट जोडपाइपाकडे जातं, आणि तिथे पाणीसंस्थेला मध्ये यावंच लागतं. न्यू जर्सीत २०२१ च्या कायद्याने असे सगळे पाइप दहा वर्षांत बदलायचे आहेत. तुमची गल्ली त्या यादीत कुठल्या वर्षी आहे, हे त्याच फोनवर विचारून घ्या.